पुनर्नवा : परसबागेतील शाक व औषध

शोथ, पांडू व मूत्रविकार यांत वैद्यवर्ग नित्य योजतो ती पुनर्नवा पावसाळ्यात बांधावर व पडीक जागी आपोआप उगवते. मग ती मुद्दाम का लावावी? आमच्या मते याचे मुख्य कारण द्रव्याची खात्री हे होय.

घेटुळी, वसू, खापरा ही नावे व्यवहारात दोन भिन्न वनस्पतींना सरमिसळ लावली जातात. एक रक्तपुनर्नवा (बोअरहाविया डिफ्यूसा) आणि दुसरी ट्रायअँथेमा पोर्टुलॅकॅस्ट्रम. पहिलीची फुले बारीक, गुलाबी, लांब देठांच्या टोकांशी येतात व फळे चिकट असून कपड्यांना लागतात. दुसरीची पाने मांसल असून फुले पानांच्या बगलेत बिनदेठाची, एकेकटी असतात. जिवंत झाडावर सहज दिसणारा हा भेद वाळलेल्या मुळांच्या पोत्यात लोपतो. दुसरीत ऑक्झॅलेटचे प्रमाण अधिक असल्याने मूत्राश्मरीच्या रुग्णास ती पुनर्नवा म्हणून देणे हितावह नाही. चरकसंहितेतही स्वेदोपग व कासहर गणांत वृश्चीर व पुनर्नवा यांची गणना स्वतंत्रपणे केली आहे, हे येथे स्मरावे.

दुसरे कारण स्थानाचे. समुद्रपूर तालुक्यातील जाम येथे नागपूर–हैदराबाद महामार्गाला चंद्रपूरचा रस्ता मिळतो. अशा वर्दळीच्या रस्त्याकडेची, धूर व धूळ बसलेली वनस्पती औषधार्थ किंवा शाकार्थ घेऊ नये.

लागवड अल्पश्रमाची आहे. पक्व फळे जमवून पावसाच्या आरंभी उथळ पेरावीत. येथील काळ्या जमिनीत पाणी साचते, म्हणून वाळू व शेणखत मिसळून गादीवाफा करावा आणि रोपांत सुमारे एक फूट अंतर ठेवावे. कोवळे शेंडे खुडून मुगाच्या डाळीसह भाजी करावी. खुडल्याने नवे फुटवे येतात. उन्हाळ्यात वरचा भाग वाळला तरी झाड मेले असे समजून उपटू नये. मूळ जिवंत राहते व पावसाबरोबर पुन्हा फुटते. पुनर्नवा हे नाव त्यावरूनच सार्थ झाले आहे.

मात्र या वनस्पतीत पोटॅशियम नायट्रेट असते. म्हणून वृक्काची कार्यक्षमता घटलेल्या रुग्णास ‘घरची भाजी’ समजून ती मुक्तहस्ते सांगू नये.

औषधनिर्मात्याची संपूर्ण गरज एका वाफ्याने भागणार नाही, हे आम्ही जाणतो. परंतु दवाखान्याच्या वा औषधालयाच्या अंगणातील एक खात्रीचे झाड प्रमाण म्हणून उपयोगी पडेल. पुरवठादाराकडून वाळलेल्या मुळांसोबत फुलाफळांसह अखंड वनस्पतीचा नमुना मागावा, तो त्या झाडाशी ताडून पाहावा आणि मगच माल स्वीकारावा.