बीव्हर डॅम्सची लढाई कोणी जिंकली?

कॅनडात चॉकलेटचे एक जुने नाव आहे, लॉरा सीकॉर्ड. १९१३ साली टोरांटो शहरात हे दुकान निघाले. दुकानदाराने नाव निवडले ते बरोबर शंभर वर्षांपूर्वी, एका लढाईच्या दोन दिवस आधी, रानावनातून पायी चालत गेलेल्या एका बाईचे. कॅनडातल्या शाळकरी मुलांना ही बाई माहीत असते. तिने आणलेली बातमी माहीत असते. लढाई नेमकी कोणी लढली, हे मात्र पुष्कळांना सांगता येत नाही.

मी इतिहासाचा अभ्यासक नव्हे. बी.ए.ला जेवढा इतिहास वाचला, तेवढीच माझी शिदोरी. कविता लिहिणारा माणूस आहे. पण कोणाचे नाव लोकांच्या ओठांवर राहते आणि कोणाचे गळून जाते, हा कवितेच्याही धंद्यातला प्रश्न आहे. म्हणून आज या लहानशा लढाईविषयी बोलायचे ठरवले.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. १८ जून १८१२ रोजी अमेरिकेने ब्रिटनविरुद्ध युद्ध पुकारले. ब्रिटन त्या वेळी नेपोलियनशी झुंजण्यात गुंतले होते. त्यांचे आरमार भर समुद्रात अमेरिकी जहाजे अडवी, त्यांवरचे खलाशी ‘हे आमचेच’ म्हणून ओढून नेई, फ्रान्सशी व्यापार करू देत नसे. ही झाली चारचौघांत सांगायची कारणे. त्यांच्या पोटात जमिनीची भूकही होती. पश्चिमेकडच्या मूळ रहिवाशांच्या मुलखात अमेरिकी वसाहतवाले घुसत होते आणि त्या लोकांना ब्रिटिश बंदुका पुरवतात, असा त्यांचा राग होता. शेजारचा कॅनडा म्हणजे ब्रिटिशांची वसाहत, फौज थोडकी. नुसते चालत जायचे आणि ताब्यात घ्यायचे, असे अमेरिकेतल्या भल्याभल्यांना वाटत होते.

मूळ रहिवाशांना आपण मराठीत वर्षानुवर्षे ‘तांबडे इंडियन’ म्हणत आलो. शाळेच्या पुस्तकातही तसेच वाचले. कोलंबस भुलला, त्याला वाटले आपण हिंदुस्थानच्या अंगाला पोहोचलो, आणि आपल्या देशाचे नाव कायमचे त्या बापड्यांच्या कपाळी चिकटले. त्यांना स्वतःची नावे होती. आपल्या गोष्टीत येतात ते मुख्यतः मोहॉक. मोहॉक, सेनेका, ओनायडा अशा सहा राष्ट्रांचा एक संघ होता, त्याला ते हॉडिनोशोनी म्हणत. अमेरिका आणि कॅनडा यांची सरहद्द ठरली ती या लोकांना न विचारता, त्यांच्याच घरांमधून.

आता नायगाराकडे येऊ. धबधबा सर्वांना ठाऊक आहे. ती नदी एरी सरोवरातून निघते आणि ओंटारिओ सरोवराला मिळते. पूर्वेचा काठ अमेरिकेचा, पश्चिमेचा कॅनडाचा. २७ मे १८१३ रोजी अमेरिकी फौजेने नदीच्या मुखावरचा फोर्ट जॉर्ज घेतला. पण पुढे सरकताना ६ जूनच्या पहाटे स्टोनी क्रीक येथे ब्रिटिशांनी अंधारात छापा घातला, आणि फौज पुन्हा किल्ल्याच्या आसऱ्याला आली. बाहेरच्या मुलखात आता जेम्स फिट्झगिबन नावाचा एक लेफ्टनंट पन्नासेक शिपाई घेऊन त्यांना सतावत होता. गडी मोठा गमतीचा. आयर्लंडमधल्या गरीब कुळाचा मुलगा, साधा शिपाई म्हणून भरती झालेला, नुसत्या हुशारीवर अधिकारी बनलेला. पैशाने हुद्दे विकत घेण्याच्या त्या काळात ही साधी गोष्ट नव्हे. डिक्यू नावाच्या माणसाच्या दगडी घरात त्याने ठाणे केले होते. जवळच्या ओढ्यांवर बीव्हर हे पाणप्राणी लाकडे रचून बांध घालत, म्हणून त्या भागाला नाव पडले बीव्हर डॅम्स.

फिट्झगिबनला या घरातच गाठायचे, असे अमेरिकनांनी ठरवले. ती बातमी लॉराच्या कानावर पडली.

लॉरा सीकॉर्ड तेव्हा सदतीस वर्षांची. जन्म अमेरिकेतला, मॅसॅच्युसेट्सचा. बाप अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धात ब्रिटिशांविरुद्ध लढलेला. पुढे जमिनीसाठी तो कॅनडात आला आणि मुलगी तिथलीच झाली. तिचा नवरा जेम्स आदल्या ऑक्टोबरात क्वीन्स्टन हाइट्सच्या लढाईत जखमी झाला होता, अजून धड चालत नव्हता. गाव शत्रूच्या ताब्यात. घरी उतरलेल्या अमेरिकी अंमलदारांच्या बोलण्यातून बेत कळला असे सांगतात, पण नेमके कसे कळले ते तिने स्वतःही निरनिराळ्या वेळी निरनिराळे सांगितले. एवढे नक्की की २२ जूनला पहाटे ती निघाली. पहारे चुकवण्यासाठी सरळ रस्ता सोडला. दलदल, ओढे, शेवटी उभी चढण असे सुमारे बत्तीस किलोमीटर चालून रात्र पडायच्या सुमारास ती डिक्यूच्या घराजवळ पोहोचली. तिथे तिला आधी भेटले ते मूळ रहिवाशांच्या योद्ध्यांचा तळ. ती घाबरली. तिने पुढे ते मोकळेपणाने सांगितले आहे. भाषा येत नव्हती. महत्त्वाचा निरोप आहे एवढे तिने त्यांच्या मुखियाला कसेबसे समजावले आणि त्यांनीच तिला फिट्झगिबनकडे नेले.

कथेत एक गायही आहे. पहारेकऱ्याला संशय येऊ नये म्हणून लॉरा गाय हाकत निघाली, असे चित्र कित्येक पुस्तकांत सापडते. ही गाय १८६४ मध्ये विल्यम कॉफिन नावाच्या लेखकाच्या ग्रंथात पहिल्यांदा आली. लॉराच्या स्वतःच्या कोणत्याही निवेदनात गाय नाही. त्या लेखकाला मी दोष देणार नाही. त्या जागी मी असतो, तर मलाही गाय सुचली असती.

पण अशा गायी शिरल्या की खऱ्या माणसावरही संशय येऊ लागतो. १९३०च्या दशकात काही इतिहासकारांनी लॉराच्या बातमीचा लढाईला काही उपयोगच झाला नव्हता, असे ठासून मांडले. मग १९५९ मध्ये फिट्झगिबनने १८२७ साली लिहून दिलेला एक दाखला उजेडात आला. लॉरा २२ जूनला आली, तिने बातमी दिली आणि त्यावरून मी योद्ध्यांना नाक्यावर ठेवले, असे त्यात आहे. बाई खरी, चालणे खरे. फक्त त्या दाखल्यात ‘योद्ध्यांना’ असाही एक शब्द आहे. बातमीचा निकाल लागला तसे लोक तो शब्द ओलांडून पुढे गेले.

२३ जूनच्या रात्री लेफ्टनंट कर्नल चार्ल्स बर्स्टलर जवळजवळ सहाशे माणसे आणि दोन तोफा घेऊन फोर्ट जॉर्जमधून निघाला. क्वीन्स्टनला रात्र काढली. गावातून कोणी बाहेर पडायचे नाही, असा हुकूम केला. बातमी दीड दिवस आधीच बाहेर गेली होती, हे त्याला कसे कळणार? सकाळी टेहळ्यांनी त्याला हेरले. डोमिनिक दुशार्म या फ्रेंच-कॅनेडियन कॅप्टनबरोबर सुमारे तीनशे योद्धे होते. ते माँट्रिअलजवळच्या कानावाके आणि आसपासच्या वस्त्यांतून आलेले, म्हणजे घरापासून शेकडो मैल दूर. त्यांच्या जोडीला विल्यम केर याच्याबरोबर ग्रँड रिव्हरकडचे शंभरेक मोहॉक. वाट दाट झाडीतून जात होती. फौज झाडीत पुरती शिरू दिली आणि मग मागून हल्ला केला.

पुढचे तीन तास बर्स्टलरच्या माणसांना समोर शत्रू दिसलाच नाही. दिसत होता तो झाडांच्या बुंध्यांमागून उठणारा धूर आणि ऐकू येत होत्या आरोळ्या. तोफा डागायच्या तर कशावर? जूनचे ऊन, रात्रीचे जागरण, काडतुसे संपत आलेली, बर्स्टलर स्वतः जखमी. मागे फिरायचे तर किल्ला वीस-पंचवीस किलोमीटर लांब आणि वाटेवर हेच लोक. आपल्याकडे याला गनिमी कावा म्हणतील. आणि या तीन तासांत ब्रिटिश लाल कोटवाला शिपाई जवळपास कुठे नव्हता.

गोळीबार ऐकून फिट्झगिबन आपले पन्नास जण घेऊन आला. अमेरिकनांचे परतीचे तोंड अडवल्यासारखे त्याने ते पांगवून उभे केले आणि पांढरे निशाण घेऊन पुढे गेला. बोलणे असे : तुम्ही वेढले गेला आहात. आमची फौज मोठी आहे. शरण या, नाहीतर या योद्ध्यांना आवरणे माझ्या हातात राहणार नाही. बर्स्टलरला शंका आली, फौज दाखवा म्हणाला. वरिष्ठांना विचारतो, असे सांगून फिट्झगिबन परतला आणि नुकत्याच आलेल्या घोडदळाच्या एका अधिकाऱ्यालाच त्याने वरिष्ठ म्हणून उभे केले. त्या वरिष्ठाने अर्थातच नकार दिला. खरी कुमक येऊन पोहोचेपर्यंत सौदा ठरला होता. जवळजवळ पाचशे माणसांनी शस्त्रे खाली ठेवली.

‘अफवा’ हा शब्द आपल्या मराठीत अरबीतून आला. मूळ अरबीत त्याचा अर्थ ‘तोंडे’. मला हा शब्द फार आवडतो, कारण त्यात खरे-खोटे असा निवाडा नाही. एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जाते ती अफवा. त्या दिवशी फिट्झगिबनने वापरले ते हेच हत्यार, आणि ते त्याचे स्वतःचे नव्हते. आदल्या ऑगस्टमध्ये त्याचाच सेनापती आयझॅक ब्रॉक याने डेट्रॉइटच्या किल्ल्यापुढे हाच निरोप धाडला होता : लढाई पेटली तर योद्धे माझ्या ताब्यात राहणार नाहीत. तिथेही मोठी अमेरिकी फौज जवळपास न लढता शरण आली. भीती अगदीच निराधार होती, असेही नाही. जानेवारी १८१३ मध्ये रेझिन नदीकाठी लढाईनंतर जखमी अमेरिकी कैदी मारले गेले होते आणि ती हकिगत छावण्याछावण्यांत पोहोचली होती. पण हिशेब बघा. लढायचे योद्ध्यांनी, मरायचेही त्यांनीच. वर त्यांचा बागुलबुवा करायचा आणि शरणागतीच्या कागदावर सही घ्यायची दुसऱ्याने. जे प्रत्यक्ष शिस्तीने, हुकमतीत तीन तास लढले, त्यांचे कोणी न आवरणारी जमात असे चित्र रंगले, ते याच वाक्यातून.

फिट्झगिबनला कॅप्टनची बढती मिळाली. कानावाकेचे पुष्कळ योद्धे मात्र नाराज होऊन घरी परतले. जॉन नॉर्टन म्हणून मोहॉकांचा एक पुढारी होता, बाप चेरोकी, आई स्कॉटिश. त्याने या वाटणीवर एक टोमणा मारून ठेवला आहे : जिंकले कानावाकेवाल्यांनी, लूट नेली मोहॉकांनी आणि नाव झाले फिट्झगिबनचे, असा त्याचा आशय. हा टोमणा आपल्याच माणसांनाही लागतो, म्हणून मला तो विश्वासू वाटतो. खुद्द फिट्झगिबननेही पुढे, १८१८ मध्ये, केरला लिहिलेल्या पत्रात सांगून टाकले की त्या दिवशी आमच्या बाजूने योद्ध्यांखेरीज कोणी एक गोळीही झाडली नाही. शत्रूची गाळण त्यांनीच उडवली, मी फक्त समेटाची संधी साधली. माणूस प्रांजळ होता. पण बढतीचा हुकूम पाच वर्षे आधीच निघाला होता.

लॉराचीही कथा फार सुखाची नाही. वर्षानुवर्षे ती नवऱ्यासाठी, स्वतःसाठी अर्ज करत राहिली. १८६० मध्ये ब्रिटनचा युवराज नायगाराला आला, तेव्हा त्याच्या कानावर तिची हकिगत गेली आणि त्याने शंभर पौंड पाठवले. तेव्हा ती पंचाऐंशी वर्षांची होती. आयुष्यभरात रोख मिळाले ते एवढेच. १८६८ मध्ये ती गेली. पुतळे आणि चॉकलेट नंतर.

लढाईचा परिणाम? फोर्ट जॉर्जमधले अमेरिकी सैन्य किल्ल्याबाहेर पडायला कचरू लागले. त्यांचा वयोवृद्ध सेनापती डिअरबॉर्न याला पंधरा दिवसांच्या आत पदावरून दूर केले. डिसेंबरात किल्ला सोडताना त्यांनी शेजारचे नेवार्क गाव ऐन हिवाळ्यात जाळले आणि महिना संपायच्या आत ब्रिटिशांनी पलीकडचे बफेलो जाळले. सरहद्दीवरच्या गरिबांचे जे होते ते झाले. हॉडिनोशोनी दोन्ही बाजूंना वाटले गेले. जुलै १८१४ मध्ये चिपवाच्या लढाईत भाऊ भावासमोर उभे राहिले आणि त्यानंतर त्यांतल्या बहुतेकांनी आपसांत बोलून या युद्धातून अंग काढून घेतले. उशिरा, पण स्वतःच्या बुद्धीने घेतलेला हा निर्णय मला त्या युद्धातला सर्वांत शहाणा वाटतो.

२४ डिसेंबर १८१४ रोजी घेंट येथे तह झाला. सरहद्द होती तिथेच राहिली. मूळ रहिवाशांसाठी मधोमध वेगळा मुलूख राखावा, ही मागणी ब्रिटिशांनी वाटाघाटीत सोडून दिली. त्यांना १८११ सालचे हक्क परत मिळतील, असे एक कलम तेवढे घातले. नववे कलम. ते कागदावरच राहिले. तहाच्या मेजाभोवती त्यांच्यापैकी कोणी नव्हते.

डिक्यूचे घर १९५० मध्ये जळाले. दगडी पाया तेवढा उरला आहे. लॉरा चालली त्या वाटेने आता पायवाट आखली आहे, क्वीन्स्टनपासून या पायापर्यंत, आणि हौशी लोक ती चालतात. २०१७ मध्ये त्याच आवारात डग्लस कार्डिनल या वास्तुशिल्पकाराने रचलेले एक स्मारक उभे राहिले : चुनखडीच्या दगडाच्या वळणदार भिंती, मूळ रहिवाशांसाठी. लॉराला त्या रात्री त्यांचा तळ आधी लागला होता आणि घर नंतर. आता चालत येणाऱ्यांना तिथे दोन्ही गोष्टी दिसतात.