बाळंतपण माहेरी, पण गोळ्या सोबत हव्यात!

मावळात पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत आहे. सातव्या महिन्यात डोहाळजेवण होते आणि लोणावळ्यात दिलेली लेक नाणे मावळातल्या किंवा पवन मावळातल्या आपल्या गावी येते. आईच्या हातचे खाणे आणि विश्रांती, दोन्हींची तिला गरज असते. पण ही गर्भवती एचआयव्हीबाधित असेल, तर हाच प्रवास बाळाच्या दृष्टीने नाजूक ठरतो. सासरच्या गावची आशाताई मागे राहते, माहेरच्या आशाताईला काहीच ठाऊक नसते आणि घरच्यांना कळेल या भीतीने गोळ्या पिशवीच्या तळाशीच राहतात.

एचआयव्हीचा विषाणू आईकडून बाळाला तीन वाटांनी जातो: गर्भात असताना, प्रसूतीच्या वेळी आणि अंगावरच्या दुधातून. काहीच उपचार न घेतल्यास अशा १०० बाळांपैकी १५ ते ४५ बाळांना लागण होते. वेळेवर उपचार घेतले, तर हे प्रमाण ५ पेक्षाही खाली येते. म्हणजे बाधित आईचे मूल बाधितच असणार, ही समजूत चुकीची आहे.

पुण्यात झालेला अभ्यास

या उपचारामागे आपल्या जिल्ह्याचाही वाटा आहे. पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय व ससून रुग्णालयात, तसेच इथिओपिया आणि युगांडात, अंगावर पिणाऱ्या बाळांना नेविरापीन हे औषध सहा आठवडे देऊन पाहण्यात आले. त्याचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. एकच मात्रा दिलेल्या बाळांत सहा आठवड्यांपर्यंत ५.३ टक्क्यांना लागण झाली होती; सहा आठवडे औषध मिळालेल्यांत २.५ टक्क्यांना. मात्र सहाव्या महिन्यापर्यंत हा फरक बराच कमी झाला, कारण औषध थांबले तरी दूध चालूच होते. बाळाच्या औषधाबरोबर आईचे औषधही चालू राहिले पाहिजे, हे यावरून ध्यानात येते. आज आईला एआरटीच्या गोळ्या सरकारी केंद्रातून मोफत मिळतात आणि त्या आयुष्यभर घ्यायच्या असतात.

काय करावे?

दिवस गेल्याचे कळताच, पहिल्या तीन महिन्यांतच नाव नोंदवावे आणि रक्तातील साखर, हिमोग्लोबिन यांच्यासोबत एचआयव्हीची तपासणीही करून घ्यावी. पतीनेही तपासणी करावी. तपासणीत काही न निघालेल्या स्त्रीलाही गरोदरपणात लागण होऊ शकते. हा आजार कोणाच्या चेहऱ्यावर लिहिलेला नसतो.

दोष आढळला, तर घाबरू नये. त्याच दिवसापासून गोळ्या सुरू करण्याचा प्रयत्न असतो. प्रसूती रुग्णालयातच करावी. केवळ एचआयव्ही आहे म्हणून सिझेरियन करावे लागत नाही. पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचे दूध द्यावे. घुटी, मध, पाणी किंवा वरचे दूध मध्येच देऊ नये. दोन्ही मिसळून दिल्याने धोका वाढतो. बाळाला औषध किती दिवस द्यायचे, हे डॉक्टर ठरवतात. त्याची पहिली तपासणी सहाव्या आठवड्यात होते आणि अंतिम निदान साधारण अठराव्या महिन्यानंतर, दूध तोडल्यावर केले जाते.

माहेरी जाण्यापूर्वी

निघण्याआधी समुपदेशन व चाचणी केंद्रात तारीख सांगावी. पुरेशा गोळ्या, कार्ड आणि माहेरजवळच्या केंद्राचा पत्ता घ्यावा. गोपनीयतेची भीती वाटत असेल, तर समुपदेशकाशी तसे मोकळेपणाने बोलावे. २०१७ च्या कायद्यानुसार संमतीशिवाय तपासणी करणे, माहिती फोडणे किंवा उपचार नाकारणे गुन्हा वा गैर ठरते. हा कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. शंका असल्यास १०९७ हा मोफत दूरध्वनी क्रमांक आहे.

आशाताईंचे काम यात फार मोलाचे आहे. दारात येऊन त्या लोहाच्या गोळ्या विचारतात, तशीच या गोळ्यांचीही आठवण देतात, आणि शेजारणीला काही कळू देत नाहीत. सासूबाईंनो, आईंनो, मुलीच्या पिशवीत गोळ्यांची डबी दिसली, तर प्रश्नांचा भडिमार करू नका. “आजची घेतलीस का ग?” एवढे विचारलेत, तरी नातवंडाचे मोठे भले होईल.