पिंगळा, मास्तरीण आणि आजी

एप्रिल महिन्यात ब्रह्मपुरीत रात्री आठ वाजता लाइट गेली, की घरात कोणी थांबत नाही. सगळी गल्ली अंगणात. त्या दिवशी मीही हातात पंखा घेऊन बाजेवर बसले होते. कुंपणाच्या भिंतीवर आमची मास्तरीण पाय पोटाशी घेऊन बसलेली. मास्तरीण म्हणजे आमची मांजर. गल्लीतली मुलं आरडाओरडा करू लागली की त्यांच्याकडे अशी काही रोखून बघते, की हे नाव तिला आपोआपच पडलं.

समोरच्या कडुनिंबाच्या ढोलीत पिंगळ्याची जोडी राहते. पिंगळा म्हणजे घुबडातलाच एक छोटा प्रकार, जेमतेम मैनेएवढा. अंगावर पांढरे ठिपके, पिवळे गोल डोळे, आणि आवाज मात्र असा की जणू दोन जावा भांडताहेत! घरातल्या गाई-म्हशींपेक्षा आमच्याकडे याचीच ओळख जास्त. पहाटे येऊन भविष्य सांगणारा तो पिंगळाही याच पक्ष्याचं नाव लावून फिरतो.

तर त्या अंधारात शेजारच्या एका मुलानं दगड उचलला आणि निंबाच्या दिशेनं हात वर केला. तेवढ्यात पलीकडच्या ओट्यावरून आजींचा आवाज आला, "गोटा नोको मारू रे पोरा! घुबड तो गोटा उचलून नेते, पान्यात घासत बसते. गोटा झिजला का मारनारा मानूसबी तसाच झिजते."

पोराचा हात तसाच खाली आला. दगड मात्र त्यानं टाकला नाही, खिशात घातला.

मैत्रिणींनो, ही समजूत तुम्हीही लहानपणी ऐकली असेल. मी ऐकली आहे. आता पंधरा वर्षं झाली, मी बचत गटांच्या निमित्तानं गावोगाव फिरते. मासिक पाळीपासून भानामतीपर्यंत सगळ्या विषयांवर बायकांशी बोलते, अंधश्रद्धा सोडा म्हणून सांगते. पण त्या रात्री मी गप्प बसले. म्हटलं, एका पक्ष्याचा जीव तर वाचला ना! मग कशाला मध्ये बोलायचं? मनाला मात्र ते लागून राहिलं.

आजी एकट्या राहतात. नवरा जाऊन वीस वर्षं झाली, मुलगा नागपूरला. संध्याकाळी निंबाखाली तांदळाच्या कण्या टाकतात, चिमण्यांसाठी. मास्तरणीचं अर्धं जेवण त्यांच्याकडेच असतं. त्यामुळे मांजर नक्की कोणाची, यावर आमचा लटका वाद कायम चालू.

दुसऱ्या दिवशी निंबाखाली मला करड्या रंगाची दोन बोंडकी दिसली. घुबडं भक्ष्य गिळतात आणि न पचलेलं सगळं गोळा करून तोंडावाटे बाहेर टाकतात. मी मुलांना बोलावलं, जुन्या वर्तमानपत्रावर काड्यांनी ती बोंडकी उकलली. आत किड्यांचे चकचकीत पंख, केस, आणि उंदराचा एवढासा जबडा, दातांसकट! मुलं खूश. आजी नाकाला पदर लावून म्हणाल्या, "आवो बाई, हे काय उकरून राह्यली तू?" मी म्हटलं, "आजी, तुमच्या कोठीतले धान कोण राखतं, ते बघा." आमचा सगळा धानाचा मुलूख. उंदीर बांधीत धान कुरतडतात, घरात आलं की पोती फोडतात. रात्रपाळीला घुबड आणि दोन्ही पाळ्यांना मांजर, असा हा बिनपगारी बंदोबस्त. आणि त्या दोघांनाच आपण अपशकुनी म्हणतो!

मांजरीचं तर विचारूच नका. गेल्या महिन्यात मी आणि एक गटातली ताई ऑटोनं बँकेत निघालो होतो. कर्जाच्या कागदांवर सह्या करायच्या होत्या. मास्तरीण रस्त्यावरून ऐटीत आडवी गेली. ऑटोवाल्यानं ब्रेक मारला, "काकू, दोन मिन्टं थांबू." मी म्हटलं, "अरे, ती माझी मांजर आहे, दूध प्यायला आजींकडे चालली!" तरी तो थांबलाच. पुढे बँकेत गर्दी होती, सह्या व्हायला दुपार झाली. तो बाहेर विजयी चेहऱ्यानं उभा.

मांजर वाघाची मावशी, हे तर आपण सगळेच म्हणतो. भाच्याला तिनं सगळं शिकवलं, झाडावर चढणं तेवढं शिकवलं नाही, म्हणून जीव वाचला, ती गोष्ट. पुण्या-मुंबईच्या मुलांना ती गोष्ट गंमत वाटते. आमच्या भागात भाचा खरोखर गावाच्या शिवारात येतो. मे २०२५ मध्ये इथून जवळच, सिंदेवाही तालुक्यात, तेंदूपानं तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघानं मारल्या. आम्हाला भीती कशाची वाटायला हवी, ते जंगलात जाणाऱ्या बाईला नीट ठाऊक असतं. तिला पोट भरायचं असतं, म्हणून ती जाते. आणि घरी परत आल्यावर पिंगळ्याला भिते!

एके दिवशी दुपारी आजींना मी रानपिंगळ्याची गोष्ट सांगितली. आपल्या पिंगळ्याचाच हा जंगलातला भाऊबंद. १८७२ मध्ये तो पहिल्यांदा इंग्रजांच्या हाती लागला. पुढं १८८४ नंतर त्याचा खात्रीचा पत्ताच नाही. पक्षी संपला, असं जाणकारांनी ठरवून टाकलं. मधे एका बड्या इंग्रज साहेबानं, मला तो १९१४ साली गुजरातेत मिळाला, असं सांगून ठेवलेलं. लोक तिथं शोधत राहिले. नंतर कळलं, की त्या साहेबानं संग्रहालयातलाच जुना पेंढा भरलेला पक्षी चोरून त्याला नवी चिठ्ठी लावली होती! खोटी चिठ्ठी बाजूला ठेवून पामेला रासमुसेन आणि त्यांचे दोन सहकारी जुन्या, खऱ्या नोंदींच्या जागी गेले, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये आपल्या महाराष्ट्रातच, शहाद्याजवळ, तो दिवसाढवळ्या झाडावर बसलेला दिसला. तब्बल ११३ वर्षांनी. आपल्या विदर्भात मेळघाटातही तो आहे.

आजी तांदूळ निवडत ऐकत होत्या. म्हणाल्या, "हरपला नव्हता तो. लोकायनं पाह्यलं नव्हतं."

मग मी आणखी एक सांगितलं. पुणे जिल्ह्यात पिंगोरी नावाच्या गावात २०१८ साली इला फाउंडेशननं घुबडांचा उत्सव भरवला, शाळेतली मुलं घुबडाची चित्रं काढून आली. आजींनी सूप खाली ठेवलं. "घुबडाची जत्रा? अन् परसाद काय, उंदीर?" आम्ही दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो.

हे हसणं फार दिवस टिकलं नाही. तो दगड खिशात घालणारा मुलगा तापानं पडला. तीन दिवस, चार दिवस, ताप उतरेना. पाणी भरताना नळावर कुजबूज सुरू झाली. घुबड रोज बोलतं म्हणे. मांजरही त्याच घरात घुटमळते. आणि म्हातारी संध्याकाळी झाडाखाली काय टाकते, कोणी पाहिलंय का?

ऐकलं आणि माझ्या पोटात गोळा आला. कारण हे कुठवर जातं, ते मला ठाऊक आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये आमच्याच जिल्ह्यात, जिवती तालुक्यातल्या वणी खुर्दला, जादूटोण्याच्या संशयावरून सात जणांना भरचौकात बांधून मारलं. त्यात म्हाताऱ्या बायाही होत्या. मे २०२४ मध्ये गडचिरोलीत, एटापल्ली तालुक्यातल्या बारसेवाड्याला, एका बाईला आणि एका पुरुषाला याच संशयावरून जाळून मारलं. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर, २०१३ मध्ये, जादूटोणाविरोधी कायदा झाला, तरी हे झालं. घुबड, मांजर आणि एकटी राहणारी म्हातारी, या तिघींवर चिठ्ठी एकच लागते.

मी तडक त्या मुलाच्या घरी गेले. भाषण दिलं नाही. त्याच्या आईला म्हटलं, "चल, रक्त तपासून येऊ, मी येते सोबत." तिच्या सासूनं "आधी बाहेरचं बघू" म्हणून बराच वेळ घेतला. पण आई उठली, तिनं मुलाला खांद्यावर टाकलं. रिपोर्ट आला, मलेरिया. गोळ्या सुरू झाल्या आणि तिसऱ्या दिवशी पोरगं वरण-भात मागू लागलं. नळावरची कुजबूज थांबली, असं नाही म्हणणार. पण पहिल्यासारखी राहिली नाही. मुलाच्या आईनं एका संध्याकाळी सगळ्यांच्या देखत आजींच्या ओट्यावर बसून चहा घेतला. ते मला फार मोठं वाटलं.

आठवड्यानं तोच मुलगा माझ्याकडे आला. खिशातून तोच दगड काढला. "काकू, खरंच घुबड गोटा घासते काय? म्हनून मले ताप आला काय? मी तर मारलाच नव्हता!"

आजी पलीकडे बसल्या होत्या. आता काय सांगायचं? बिचाऱ्यानं एवढे दिवस हे मनात धरून ठेवलं होतं. मी म्हटलं, "नाही रे बाळा. घुबड दगड घासत नाही. तुला डास चावला, त्यानं ताप आला."

त्यानं क्षणभर विचार केला आणि विचारलं, "मंग मारू?"

मला हसावं की रडावं कळेना! घरातून स्टूल आणलं, त्याला वर उभं केलं, टॉर्च लांबूनच हळूच धरला. ढोलीच्या तोंडाशी कापसासारखी दोन पिल्लं डोळे वटारून त्याच्याकडे बघत होती. तो किती तरी वेळ उतरलाच नाही.

आजी दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी वाटीत आंब्याचा रायता घेऊन आल्या, वाटी ठेवली आणि म्हणाल्या, "तू साऱ्यायच्या डोक्यातलं काढत जाते पोरी. मंग तिथं ठेवते काय?"

मी काही बोलले नाही, निंबाकडे बोट दाखवलं. स्टुलाजवळ पाच मुलं नंबर लावून उभी होती आणि मास्तरीण भिंतीवरून त्यांच्यावर लक्ष ठेवून होती.