पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं: वूडन फ्लोअरिंग घेण्याआधी हे वाचा

घराच्या इंटेरिअरचं कुठलंही रील उघडा, बेडरूममध्ये टाइल्सच्या जागी लाकडी फरशी दिसतेच. मग आपणही दुकानात जातो, चार सॅम्पल हातात घेतो, रंग पसंत करतो आणि भाव विचारतो. दुकानदार सगळ्याला एकच नाव देतो, 'वूडन फ्लोअरिंग'.

गडबड इथेच सुरू होते. या एका नावाखाली तीन-चार वेगवेगळ्या वस्तू विकल्या जातात. एकात वरपासून खालपर्यंत लाकूड असतं, दुसरीत लाकडाचा पातळ थर असतो आणि तिसरीत लाकडाचा फक्त फोटो. पहिल्या पावसाळ्यात या तिन्ही वस्तू तीन वेगळ्या पद्धतींनी वागतात. म्हणून रंग आणि भाव यांच्याआधी एक प्रश्न विचारायला हवा: आपल्या घरातल्या ओलाव्यात यातलं काय टिकेल?

आधी ओळख करून घेऊ: कशाला काय म्हणायचं?

सॉलिड वूड: अखंड लाकडाची फळी. जाडी साधारण १८ ते २० मिमी. सागवान, ओक, मेपल अशा लाकडांत मिळते.

इंजिनिअर्ड वूड: वर खऱ्या लाकडाचा थर, खाली प्लायवूड किंवा एचडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला घट्ट बोर्ड). वरचा थर ०.६ मिमीपासून ६ मिमीपर्यंत काहीही असू शकतो. या मालाची खरी किंमत त्या थरात असते.

लॅमिनेट: एचडीएफच्या बोर्डावर लाकडाचं छापील चित्र आणि त्यावर पारदर्शक कडक थर. यात दिसणारे रेषे कागदावरचे असतात. एसी-३, एसी-४ असे जे आकडे सांगतात, ते वरचा थर किती झीज सोसेल याचे. त्या 'एसी'चा एअर कंडिशनरशी काही संबंध नाही.

एसपीसी: चुनखडीची पूड आणि पीव्हीसी यांची पट्टी. यात लाकूड अजिबात नसतं, त्यामुळे पाण्याची भीतीही फारशी नसते.

लॅमिनेट किंवा एसपीसी घेणं चूक नाही. अनेक घरांसाठी तोच शहाणपणाचा पर्याय आहे. पण लाकडाचा भाव देऊन लाकडाचा फोटो घरी येता कामा नये.

लाकूड 'फुगतं' म्हणजे नेमकं काय होतं?

झाड तोडलं, फळी कापली, पॉलिश केलं, तरी लाकूड हवेतला ओलावा घेत आणि सोडत राहतं. हवेत ५० टक्के आर्द्रता असेल, तर लाकडात साधारण ९ टक्के ओलावा राहतो. आर्द्रता ८० टक्क्यांवर गेली की तोच ओलावा १६ टक्क्यांच्या आसपास जातो. जुलैतली मुंबई किंवा कोकण आठवा, तिथे ८० टक्के ही रोजची गोष्ट आहे. पुण्यात एप्रिलच्या दुपारी हवा एकदम कोरडी असते आणि तीनच महिन्यांत ती चिंब होते.

फळीची लांबी यामुळे जवळपास बदलत नाही. बदलते ती रुंदी. सागवानात ओलावा १ टक्क्याने वाढला, तर उभ्या कापाऐवजी सपाट कापलेली फळी रुंदीत साधारण ०.२ टक्के वाढते. ऐकायला हे काहीच वाटत नाही. आता हिशेब करू.

कोरड्या महिन्यांपासून पावसाळ्यापर्यंत फळीतला ओलावा फक्त ४ टक्क्यांनी वाढला असं धरा. १०० मिमी रुंदीची एक फळी ०.८ मिमीने रुंदावते. खोली ३ मीटर रुंद असेल, तर सगळ्या फळ्या मिळून कागदावर २४ मिमी होतात, म्हणजे जवळपास एक इंच. भिंतीशी जागा ठेवली नसेल, तर हा इंच जाणार कुठे? वर. मग मधोमध फरशी उचलली जाते आणि पाय ठेवला की 'कट्' असा आवाज येतो.

सागवान तरी या बाबतीत गुणी लाकूड आहे. ओक त्याहून जास्त आकसतं-फुगतं. पण ओरखडे आणि खड्डे सोसण्यात ओक सागवानापेक्षा कणखर आहे. थोडक्यात, 'सगळ्यात भारी लाकूड' असं काही नसतं.

मग जुन्या वाड्यांमध्ये लाकूड कसं टिकलं?

वाड्याच्या माडीवर किंवा कोकणातल्या घराच्या माळ्यावर फळ्या तुळयांवर ठोकलेल्या असायच्या आणि खाली मोकळी खोली असायची. त्यामुळे ओल आली तरी वाळायला वाव होता. आपल्या फ्लॅटमध्ये फळीच्या खाली काँक्रीटचा स्लॅब असतो. तळमजल्याचं घर असेल, तर जमिनीची ओल त्यातून वर येते. फळी वरून कोरडी आणि खालून ओली राहते, हीच सगळ्यात वाईट परिस्थिती.

मग घ्यायचं काय?

इंजिनिअर्ड वूडमध्ये खालच्या प्लायचे थर एकमेकांना आडवे-उभे चिकटवलेले असतात. एक थर फुगू लागला की दुसरा त्याला धरून ठेवतो. म्हणून मुंबई, कोकण, गोवा अशा दमट भागात आणि स्लॅबवर बसवण्यासाठी सॉलिडपेक्षा ते सुरक्षित ठरतं. मात्र वरचा थर ३ मिमी किंवा जास्त असेल तरच पुढे कधी घासून नवं पॉलिश करता येतं. ०.६ मिमीच्या थरावर मशीन फिरवलं, तर खालचा प्लाय दिसायला लागेल.

सॉलिड वूड घ्यायचं असेल, तर वरच्या मजल्यावरची, ओल नसलेली खोली निवडा आणि फळ्या कमी रुंदीच्या घ्या. फळी जितकी रुंद, तितकी तिची हालचाल एकाच सांध्यावर दिसते. स्लॅबवर आधी प्लायचा थर द्यावा लागतो, त्यामुळे जमीन दीड इंचाच्या आसपास वर येते. दारं खालून कापावी लागतील का, हे आधीच मोजून घ्या.

स्वयंपाकघर, बाथरूमला लागून असलेला पॅसेज आणि रोज बादलीभर पाण्याने पुसली जाणारी जागा, इथे दोन्ही नकोत. घरकामाला येणाऱ्या मावशींना घट्ट पिळलेल्या फडक्यानेच पुसायचं, हे पहिल्या दिवशी सांगावं लागेल. ते जमणार नसेल, तर टाइल्स किंवा एसपीसी बरे.

बसवताना उभं राहून काय बघायचं?

१. स्लॅब किंवा कोबा वाळलाय का? नवं काँक्रीट साधारण महिन्याला एक इंच या गतीने वाळतं. चार इंचांचा थर असेल, तर चार महिने धरा. पावसाळ्यात आणखी वेळ लागतो. घरच्या घरी करता येणारी चाचणी अशी: दीड फूट लांब-रुंद पारदर्शक प्लॅस्टिक जमिनीवर ठेवून चारी कडा टेपने बंद करा. २४ तासांनी आत थेंब दिसले किंवा जमीन काळपट झाली, तर काम थांबवा. मात्र काही दिसलं नाही, तरी कारागिराला मॉइश्चर मीटर लावायला सांगाच.

२. जमीन सपाट आहे का? १० फुटांच्या सरळ पट्टीखाली ५ मिमीपेक्षा जास्त फट नको. जुन्या टाइल्सवरच बसवणार असाल, तर पोकळ वाजणाऱ्या लाद्या आधी काढून पक्क्या करा.

३. माल खोलीत ठेवला का? फळ्यांना खोलीच्या हवेची सवय व्हावी लागते. सॉलिड वूडला काही दिवस लागतात. इंजिनिअर्डसाठी कंपनी सांगेल तितका वेळ द्या. टेम्पोतून उतरवून लगेच ठोकायला घेणारा कारागीर तुमचे पैसे धोक्यात घालतोय.

४. भिंतीशी जागा सोडली का? इंजिनिअर्डला १० ते १२ मिमी, सॉलिडला साधारण फळीच्या जाडीइतकी. ही जागा स्कर्टिंगखाली झाकली जाते. तिच्यात सिमेंट किंवा पुट्टी भरू देऊ नका.

५. खाली ओल अडवणारा थर आहे का? नुसता फोम पुरत नाही. त्याखाली किंवा त्यातच ओल रोखणारी शीट हवी. वाळवीची फवारणीही याच टप्प्यावर करून घ्या.

आणि बिघडलं तर?

फळ्यांच्या कडा वर आल्या: खालून ओल लागलीय. आधी गळती शोधा, मग पंखा लावून वाळू द्या. याला आठवडे लागतात. घाईने मशीन मारून सपाट करू नका. ओल्या फळीच्या उचललेल्या कडा घासल्या, तर वाळल्यावर कडा खाली जातात आणि मधला भाग फुगीर राहतो. तो दोष मग कायमचा.

मधोमध फरशी उचलली गेली: स्कर्टिंग काढून बघा. बहुतेक वेळा फळी भिंतीला टेकलेली सापडते. कड कापून जागा केली की अनेकदा फरशी हळूहळू बसते.

बारीक ओरखडे: त्याच रंगाची वॅक्स स्टिक पुरते. ऑइल फिनिश असेल, तर तेवढाच भाग घासून पुन्हा तेल देता येतं. लॅकर फिनिशमध्ये असा तुकडा वेगळा दिसतो.

एखादी फळी खराब झाली: क्लिक-लॉकची फरशी जवळच्या भिंतीपासून उलगडत जाऊन फळी बदलता येते. चिकटवलेली असेल, तर ती फळी मधून कापून काढावी लागते. म्हणून खरेदीच्या वेळीच एक बॉक्स जास्त घेऊन ठेवा. दोन वर्षांनी तीच शेड मिळेल, याची खात्री नसते.

सगळीकडे पॉलिश उडालं: एकदा घासलं की अर्धा ते एक मिमी लाकूड जातं. सॉलिड हे अनेकदा सोसतं, जाड थराचं इंजिनिअर्ड एक-दोनदा. लॅमिनेट घासताच येत नाही.

बिलावर काय लिहून घ्यायचं?

'वूडन फ्लोअरिंग, अमुक स्क्वेअर फूट' एवढंच लिहिलेलं बिल घेऊ नका. चार गोष्टी लिहून घ्या: सॉलिड, इंजिनिअर्ड की लॅमिनेट, वरचा थर कोणत्या लाकडाचा आणि किती मिमीचा, खाली प्लाय की एचडीएफ, आणि बसवण्याची जबाबदारी कोणाची. वॉरंटीचा कागदही वाचा. खोलीतली आर्द्रता ठरावीक मर्यादेत ठेवण्याची अट अनेकदा त्यात असते. जुलैत खिडक्या उघड्या ठेवणाऱ्या घराला ती पाळता येईल का, हे पैसे देण्याआधीच विचारा.

लॅमिनेट खरं लाकूड म्हणून माथी मारलं असेल, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ तुमच्या बाजूने आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. पण तिथे पहिला प्रश्न बिलाचाच येईल. त्यामुळे सॅम्पलचा रंग बघून झाला की ते सॅम्पल उलटं करा, कडेचे थर मोजा आणि जे मोजलंत तेच बिलावर उतरवून घ्या.