पेनड्राइव्ह लावला, पण लिनक्स सुरूच होईना

मोखाडा तालुक्यातल्या पोशेऱ्यासारख्या गावात जुना लॅपटॉप सहज टाकून देता येत नाही. विंडोज १० ची नेहमीची मोफत सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. अशा यंत्रावर लिनक्स उत्तम चालतं. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकचं ‘बॉस’ लिनक्स तर मराठीतही वापरता येतं. पण पेनड्राइव्ह लावूनही पुन्हा विंडोजच उघडलं तर?

पहिला संशय पेनड्राइव्हवर घ्या. लिनक्सची उतरवलेली आयएसओ फाइल त्यावर नुसती कॉपी करून भागत नाही. रूफससारख्या साधनानं ती लिहावी लागते. त्यात पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं. डोंगराळ भागात रेंज जाते-येते, आणि अर्धवट उतरलेली फाइलही वरून धडधाकट दिसते. म्हणून तिचा एसएचए-२५६ आकडा मूळ संकेतस्थळावरच्या आकड्याशी ताडून पाहा. फाइलमधला एक बिट बदलला तरी हा आकडा पार बदलतो. माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ वाचवणारी तपासणी हीच.

मग लॅपटॉप सुरू होताना एफ१२, एफ९ किंवा एस्केप दाबून यूएसबी निवडा. कळ कंपनीगणिक बदलते. तरीही अडलं, तर सिक्युअर बूट पाहा. उबुंटू, फेडोरा त्याच्या सही-तपासणीत पास होतात, काही लिनक्स होत नाहीत. मात्र ही सेटिंग बदलण्याआधी विंडोजचं डिस्क-कुलूप म्हणजे बिटलॉकर चालू असेल तर त्याची रिकव्हरी की वहीत उतरवून घ्या, नाहीतर विंडोजमधली माहिती कुलूपबंद राहू शकते. आणि घरच्या फोटो-कागदपत्रांची प्रत वेगळी काढल्याशिवाय ‘इन्स्टॉल’ दाबू नका.