रापणीचा दोर

रापणीत सगळ्यात मोठं काम म्हणजे थांबणं. नवख्या माणसाला ते काम वाटतच नाही. मालवणच्या दांडी किनाऱ्यावर हंगामात सकाळी गेलात तर वाळूवर ओढून ठेवलेली होडी दिसेल, तिच्यात घडीवर घडी घालून रचलेलं जाळं दिसेल, आणि माडाच्या सावलीत बसलेली तीस-चाळीस माणसं. कुणी फाटलेलं जाळं सांधतोय, कुणी तंबाखू मळतोय, कुणी कालच्या भावावरून वाद घालतोय. एखादाच गप्पांत नसतो. त्याची नजर पाण्यावर असते. पाण्यात कुठे काळपट-तांबूस पट्टा उमटलाय का, वारा पडलेला असताना एकाच जागी पाणी शहारतंय का, सुरय पक्षी पुन्हा पुन्हा तिथेच बुड्या मारतायत का, हे तो बघत असतो. तासन् तास काहीच घडत नाही. मग तो उठून उभा राहतो, आणि बाकीच्यांना काही सांगावं लागत नाही. तंबाखू थुंकली जाते, होडी पाण्यात जाते.

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. सिंधुदुर्ग-रत्नागिरीत रापण, गोव्यात रांपण, कारवारच्या खाली कर्नाटकात रंपणी. नाव थोडं थोडं बदलत जातं, कृती तीच. दोराचं एक टोक किनाऱ्यावरच्या माणसांच्या हाती राहतं. होडी दोर सोडत आत जाते, मग वळून किनाऱ्याला समांतर जाळं टाकत पुढे सरकते आणि दुसरा दोर घेऊन बऱ्याच अंतरावर किनाऱ्याला लागते. पाण्यात आता जाळ्याची अर्धवर्तुळाकार कूस तयार झालेली असते. वरच्या दोराला तरंगणारे बोये, खालच्या दोराला वजनं, त्यामुळे जाळं तळापासून पाण्याच्या पृष्ठापर्यंत भिंतीसारखं उभं राहतं. दोन्ही बाजूंचे पंख मोठ्या आसांचे, म्हणजे मोठ्या भोकांचे, मध्ये येत जावं तशी आस बारीक होत जाते, आणि अगदी मधोमध खोळ. मासा पंखांतून सहज निसटू शकेल, पण तो तसं करत नाही. हलणाऱ्या दोरीला आणि जाळ्याला बिचकून तो आत, मधल्या खोलगट भागाकडे सरकतो. रापणीचं निम्मं यश माशाच्या भित्रेपणावर उभं आहे.

यातली एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच येतं. रापण माशाच्या मागे जात नाही. मासा किनाऱ्याला आला तरच ती चालते.

पहिल्यांदा मी ती बघायला गेलो तेव्हा वहीपेन घेऊन उभा होतो. दोराला लागलेल्या एका म्हाताऱ्याने मान न वळवता विचारलं, "बघीत काय रवलंस? वायच हात लाव." वही खिशात गेली. दोर ओढायचा म्हणजे हातांनी खेचायचं, अशी माझी समजूत होती. पाच मिनिटांत तळवे सोलले आणि समजूतही गेली. दोर कमरेशी धरायचा, टाचा वाळूत रोवायच्या, अंग मागे टाकायचं आणि एकेक पाऊल मागे जायचं. ओढतं ते अंगाचं वजन, हात फक्त धरून ठेवतात. मागे जात जात वाळूच्या वरच्या टोकाला पोचलेला माणूस दोर सोडतो, चालत पाण्याकाठी येतो आणि सगळ्यांच्या पुढे जाऊन पुन्हा धरतो. ही साखळी तुटत नाही. मागे एक जण आलेल्या दोराची वेटोळी घालत बसतो. तास-दीड तास हे चालतं, जाळं मोठं आणि प्रवाह उलटा असेल तर त्याहून जास्त. त्याच वेळी दोन्ही टोकांच्या टोळ्या हळूहळू एकमेकींकडे सरकत असतात, म्हणजे अर्धवर्तुळाचं तोंड मिटत जातं. एक बाजू पुढे गेली आणि दुसरी मागे राहिली तर खालचा दोर तिरपा होऊन उचलला जातो आणि मासळी तळातून निघून जाते. म्हणून तांडेलाचं, म्हणजे म्होरक्याचं, ओरडणं चालू असतं. ते रागावणं नसतं, दोन्ही बाजूंना ताल देणं असतं.

तळ वाळूचाच लागतो. एखादा खडक आला की खालचा दोर अडकतो, जाळं फाटतं. त्यामुळे रापणीच्या जागा ठरलेल्या असतात, आणि त्या समुद्राइतक्याच किनाऱ्यावरही असतात. कोणत्या संघाने कोणत्या पट्ट्यात आणि कोणाच्या पाळीनंतर जाळं टाकायचं, याचे पायंडे पिढ्यांचे आहेत. गाबीत समाजाच्या वाड्यांत त्यावरून भांडणं झाली आहेत, आणि ती वाडीतच मिटवलीही गेली आहेत.

जाळं आता नायलॉनचं असतं. नायलॉन येण्याआधी ते सुताचं आणि सणाचं असायचं, खाऱ्या पाण्यात कुजायचं. ते टिकावं म्हणून ऐनाची साल उकळून त्या काढ्यात बुडवायचे आणि वाळवायचे. एवढं मोठं जाळं एका घराला परवडणं शक्यच नव्हतं. तेव्हा प्रत्येक घराने आपला तुकडा विणायचा, आणि तुकडे जोडून रापण उभी करायची. म्हणजे रापण संघ ही नोंदणी कार्यालयात जाण्याआधी जाळ्यातच शिवली गेलेली संस्था होती. कुणाचा तुकडा कुठला, हे सगळ्यांना ठाऊक. फाटला तर ज्याचा त्याने सांधायचा.

ओढून झालं की वाटा. माझ्या मते रापणीची खरी कारागिरी जाळ्यापेक्षा या हिशेबात आहे. मासळीचा लिलाव होतो, आलेल्या पैशातून खर्च वजा होतो, मग होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा आणि ओढणाऱ्या प्रत्येकाचा वाटा. प्रमाण गावागावाचं वेगळं, पण तत्त्व एक: ज्याने दोर धरला त्याला काहीतरी मिळालंच पाहिजे. शाळेच्या आधी धावत आलेल्या पोरालाही मूठभर पेडवे मिळतात. अंग साथ देत नाही असा म्हातारा नुसती वेटोळी घालायला बसतो, तोही ओढणाऱ्यांत मोजला जातो. ट्रॉलरवर मालक आणि खलाशी असतात. रापणीवर भागीदार असतात, आणि ज्या दिवशी जाळं रिकामं येतं त्या दिवशी सगळेच रिकामे घरी जातात.

मासळी वाळूवर आली की बायकांचं काम सुरू होतं. पाट्या भरणं, निवडणं, बर्फ घालणं, बाजार गाठणं, उरलेली खारवून सुकत घालणं. रापणीचे फोटो बहुतेक वेळा दोर ओढणाऱ्या पुरुषांचे असतात. भाव ठरवणाऱ्या बाईचा फोटो कुणी काढत नाही, आणि घर तर त्या भावावर चालतं.

पावसाळा संपताना रापणीचे दिवस सुरू होतात, यालाही कारण आहे. नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात पश्चिम किनाऱ्यालगत खालचं थंड पाणी वर येतं आणि आपल्याबरोबर क्षारांचं खाद्य आणतं. त्यावर सूक्ष्म वनस्पती माजतात, त्यांच्यावर तारली आणि बांगड्याचे थवे पोसतात, आणि समुद्र निवळला की हे थवे किनाऱ्याच्या अगदी जवळ येतात. नारळी पौर्णिमेला नारळ वाहून समुद्राला हात जोडणारा माणूस हे शब्द वापरत नाही, पण त्याचं पंचांग याच घडामोडीवर बेतलेलं आहे. चांगल्या वर्षी तारली इतकी येई की खायला आणि विकायला पुरून उरे. मग ती माडांच्या बुंध्याशी खत म्हणून जाई. कोकणातल्या कितीतरी माडांनी मासे खाल्ले आहेत.

कर्नाटकातली रंपणी याहून प्रचंड. तिने वेढलेला थवा एका दिवसात काढून संपत नसे, म्हणून तो जाळ्यातच पाण्यात जिवंत ठेवून बाजार बघत दोन-चार दिवस काढला जाई. शीतगृहाशिवायचं शीतगृहच ते. १९७०च्या दशकाच्या मध्यात तिथे पर्ससीन आली आणि थोड्याच वर्षांत रंपणी मोडली. पर्ससीन म्हणजे खालून बटव्यासारखं मिटणारं जाळं: तळाच्या कड्यांतून ओवलेली दोरी ताणली की खालचं तोंड बंद, थवा अख्खा आत. तिला किनारा लागत नाही, वाळू लागत नाही, थांबावंही लागत नाही. थवा किनाऱ्याला यायच्या आधी ती त्याला खोल पाण्यातच गाठते. रापण आणि पर्ससीन यांच्यातलं भांडण जुनं विरुद्ध नवं असं रंगवलं जातं, ते मला पटत नाही. एकच थवा आहे आणि एक जण रस्त्यात उभा आहे, दुसरा दारात. रस्त्यातल्याने घेतला की दारात काही पोचत नाही, एवढंच ते आहे.

गोव्यात हे भांडण रस्त्यावर आलं. मच्छीमारांचे नेते मातानी साल्ढाणा यांच्या पुढाकाराने रापणकारांनी ट्रॉलर-पर्ससीनविरुद्ध आंदोलन केलं, आणि १९८०च्या कायद्याने किनाऱ्यालगतचा पाच किलोमीटरचा पट्टा पारंपरिक मच्छीमारांसाठी राखला गेला. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१चा. त्यात यांत्रिक ट्रॉलरना मनाई असलेलं किनाऱ्यालगतचं पाणी खोलीने मोजलेलं आहे: कुठे पाच वाव, कुठे दहा. वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर होणारी लांबी, सुमारे सहा फूट. होडीतला माणूस दोर मोजायला तेच माप वापरतो. कायद्याने निदान त्याच्या भाषेत बोलण्याचं सौजन्य दाखवलं, असं म्हणायचं.

पर्ससीनवरचे निर्बंध त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आले. यासाठी नेमलेल्या सोमवंशी समितीच्या अहवालाच्या आधारे राज्य सरकारने ५ फेब्रुवारी २०१६ रोजी आदेश काढला. राज्याच्या जलधी क्षेत्रात, म्हणजे १२ सागरी मैलांपर्यंत, पर्ससीनला सप्टेंबर ते डिसेंबर एवढेच चार महिने, आणि परवाने टप्प्याटप्प्याने कमी करायचे. पुढे प्रखर एलईडी दिव्यांनी मासळी गोळा करून पकडण्याची टूम निघाली, तेव्हा १० नोव्हेंबर २०१७ रोजी केंद्राने तिच्यावर बंदी घातली. ही बंदी कागदावर पक्की आहे. रात्री मालवणच्या किनाऱ्यावर बसलेल्या रापणकराला क्षितिजावर उजेड दिसला तर तो काय म्हणतो, ते इथे छापता येणार नाही.

रापणीचं सगळंच गोड आहे, असंही नाही. खोळीची आस बारीक असते, तिच्यात पिल्लंही येतात, आणि पिल्लू विकलं जातं ते किलोच्या भावाने. थव्याची वाट पाहण्याचा धीर सगळ्यांत सारखा नसतो. कधी नुसतेच केंड मासे येतात, जाळं कुरतडतात आणि कुणी घेत नाही. कधी प्लास्टिकच इतकं येतं की ओढताना मासळीचं वजन वाटावं. कासव आलंच तर जाळं सैल करून सोडलं जातं, आणि त्यात एखादा थवा निघून जातो. चाळीस माणसांनी दीड तास ओढून दोन पाट्या निघालेल्या मी पाहिल्या आहेत. वाटा करताना कुणी बोललं नाही.

अशा दिवशी तरुण पोरगा काय करणार? दांडी, तारकर्ली, देवबाग या पट्ट्यात पर्यटन आलंय. होडीत माणसं बसवून डॉल्फिन दाखवायचे, पाण्याखाली पोवळी दाखवायला न्यायचं, घराच्या दोन खोल्या पाहुण्यांना द्यायच्या. पोहता येणं आणि होडी हाकता येणं या गुणांना तिथे रोख भाव आहे, आणि तो तारलीसारखा दिवसाला पडत नाही. पोरं तिकडे गेली म्हणून त्यांना नावं ठेवणं मला जमणार नाही. पण रापणीला तीस-चाळीस जण लागतातच. त्यातले दहा गेले तर दोर निघतो, वीस गेले तर निघत नाही. यंत्राचा सुटा भाग दुसरीकडून आणता येतो. इथे सुटा भाग म्हणजे शेजारच्या घरातला माणूस.

किनाऱ्याचंही तसंच. धूप थांबवायला जिथे दगडी बंधारा घातला गेला तिथे उभं राहून मागे चालायला वाळूच उरत नाही. बंधारा घराला हवाच असतो, हेही खरं. घर वाचतं आणि कामाची जागा जाते. जिथे वाळू आहे तिथे छत्र्या, खुर्च्या आणि पाण्यातल्या खेळांच्या बोटी येतात. शहरातल्या माणसाला किनारा मोकळी जागा वाटते. रापणकराच्या लेखी तो खळ्यासारखा आहे, हंगाम नसला तरी कुणी त्यावर घर बांधत नाही.

तरीही हंगामात अजून रापण लागते. मालवणात, आचऱ्याच्या बाजूला, वेंगुर्ल्याकडे. तुमच्या सुट्टीतल्या एखाद्या सकाळी पाण्यात बोयांची लांब रांग दिसली आणि वाळूवर दोन टोळ्या मागे मागे चालताना दिसल्या, तर मोबाइल खिशात ठेवा आणि दोराच्या शेवटच्या माणसामागे उभे राहा. नवख्याने चप्पल काढावी, टाचेवर जोर द्यावा, आणि तांडेल ओरडला तर वाईट वाटून घेऊ नये. शेवटी कुणी केळीच्या पानात चार बांगडे ठेवून पुढे केलं तर पैसे काढू नका. ती भेट नाही, तुमचा वाटा आहे.