आधी वहीत नोंद, मग पैसे

वाङ्मय मंडळाच्या अंकात कॉम्प्युटरचा लेख कशाला, असं काहीजण विचारतील. पण मी साहित्याची विद्यार्थिनी म्हणूनच याकडे वळले. स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट म्हणजे शेवटी लेखनच. आपण नियम लिहितो आणि यंत्र ते अक्षरशः पाळतं. ‘मला तसं म्हणायचं नव्हतं’ ही सबब तिथे चालत नाही.

समजा, आपल्या मंडळाच्या संमेलनासाठी वर्गणी जमवायची आहे. ठरलेल्या तारखेपर्यंत पुरेशी रक्कम जमली नाही, तर ज्याचे पैसे त्याला परत. हा नियम सॉलिडिटी भाषेत लिहून इथेरियमवर ठेवता येतो. एकदा ठेवला की खाडाखोड नाही. पुढे बदल करता येईल अशी रचना हवी असेल, तर तीही आधीच ठरवावी लागते. म्हणून प्रकल्पाची मांडणी महत्त्वाची.

फाउंड्री हे साधन मोफत मिळतं. ‘फोर्ज इनिट’ ही आज्ञा दिली की फोल्डर तयार होतात. ‘एसआरसी’मध्ये कॉन्ट्रॅक्ट, ‘टेस्ट’मध्ये चाचण्या, ‘स्क्रिप्ट’मध्ये ते नेटवर्कवर चढवण्याच्या सूचना आणि ‘लिब’मध्ये इतरांनी लिहिलेला, आपण वापरणार तो कोड. सोबत नमुन्याचं एक छोटं कॉन्ट्रॅक्ट येतं. ते वाचून बघा, मग काढून टाका.

लगेच दोन कामं करायची. एक, सेटिंगच्या फाइलमध्ये सॉलिडिटीची नेमकी आवृत्ती लिहायची, म्हणजे गटातल्या सगळ्यांच्या मशीनवर कोड सारखाच चालेल. दोन, पाकिटाची खासगी किल्ली गिटहबवर जाणाऱ्या कुठल्याही फाइलमध्ये ठेवायची नाही. नंतर पुसली तरी ती जुन्या नोंदींत राहतेच.

आता ‘टेस्ट’ फोल्डर. मुदत संपल्यावर कुणी पैसे भरले तर? एकाच माणसाने दोनदा परत मागितले तर?

दुसरा प्रश्न फार महागात पडलेला आहे. जून २०१६ मध्ये ‘द डीएओ’ या सामायिक निधीतून सुमारे ३६ लाख इथर काढून घेतले गेले. कॉन्ट्रॅक्ट आधी पैसे देत होतं आणि शिल्लक नंतर कमी करत होतं. घेणाऱ्याने नोंद होण्याआधीच पुन्हा मागितलं, पुन्हा मिळालं, असं चालूच राहिलं. आमच्या वाड्यावर फेस्ताची वर्गणी सांभाळणारे काका पैसे परत देताना आधी वहीतल्या नावावर काट मारतात, मग नोटा मोजतात. कोडमध्येही क्रम तोच हवा. ते पैसे परत मिळवायला जुलै २०१६ मध्ये इथेरियमच्या मूळ नोंदवहीलाच फाटा फुटला. ज्यांना हे पटलं नाही, त्यांची जुनी वही ‘इथेरियम क्लासिक’ म्हणून वेगळी राहिली.

‘फोर्ज टेस्ट’ने चाचण्या पार पडल्या की सेपोलिया या सरावाच्या नेटवर्कवर कॉन्ट्रॅक्ट चढवायचं. तिथलं इथर फुकट असतं, त्यामुळे चूक सापडली तर खिशाला झळ लागत नाही. खऱ्या पैशाची पाळी त्यानंतर.

माझी सूचना एवढीच, की कोडच्या आधी सगळे नियम एका पानावर साध्या मराठीत लिहा आणि कोड न येणाऱ्या मैत्रिणीला वाचायला द्या. ती ‘आणि असं झालं तर?’ असं विचारेल. तिचा प्रत्येक प्रश्न ‘टेस्ट’ फोल्डरमध्ये गेला पाहिजे.